मिनामाताचं ऐकताना आमची खाडी आठवली
आरोग्य आणि पर्यावरण न्यायावरच्या पॉडकास्टची ओळख करून दिलीत, खूप बरं केलंत. मी मिनामाताचा एपिसोड जाळं शिवता शिवता ऐकला, जपानमधल्या मिनामाता गावच्या कारखान्याचा पारा १९३२ पासून १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिला, तिथले मासे खाऊन आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरायला लागली न मग १९५६ मध्ये माणसांचा आजार जाहीर झाला, तो पण आमच्यासारख्या रोज मासे खाणाऱ्यांच्याच घरात! पोटातल्या बाळांना सुद्धा झाला हो. आमच्या खाडीत मेलेले मासे तरंगतात तेव्हा तपासायला माणसं येऊन बाटलीत पाणी भरून नेतात, रिपोर्ट काय आला ते आम्हाला कोण सांगतच नाही. असं कायतरी आमच्या बोलीत करा ना, आई बाजारात पाटी घेऊन बसते, ती इंग्रजी कुठून ऐकणार, आणि मासे तर तिच्याच हातून घरोघर जातात.