बोट वर का काढायला लावली? एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही विकत घेणार होतात त्या जुन्या मासेमारी बोटीची तपासणी मी केली. त्यावर, चालती बोट विनाकारण पाण्याबाहेर काढायला लावली, रिपोर्ट चार दिवस उशिरा दिला आणि अकरा वर्षं चाललेल्या फायबर बोटीत खोट काढून ठरलेला व्यवहार मोडला, असं तुम्ही लिहिलंय.

उशिराबद्दल तुमचं बरोबर आहे. बुधवारी देतो म्हणालो, रविवारी दिला, आणि मधे तुमचे दोन फोनही उचलले नाहीत. चूक माझी. मनापासून माफी मागतो.

बोट वर काढण्याबाबत मात्र मी ठाम आहे. पंखा, तो फिरवणाऱ्या दांड्याचं म्हणजे शाफ्टचं बेअरिंग, सुकाणूच्या पिना, गंज स्वतःवर घेणारे झिंकचे ठोकळे, तळाचे व्हॉल्व्ह हे सगळं पाण्याखाली असतं. जेटीवर उभं राहून, इंजिनाचा आवाज ऐकून बोट फिट म्हणणं मला जमत नाही.

त्या दिवशी तुम्ही लवकर निघालात, म्हणून पुढचं सांगतो. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारा दीड इंची पितळी व्हॉल्व्ह होता. वरचा हिरवा थर सुरीने खरवडला की पिवळं पितळ दिसायला हवं. इथे गुलाबी रंग आला. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त खाल्लं की मागे भुसभुशीत तांबंच उरतं. बोट विकणारे मालक समोर होते, त्यांना विचारूनच पान्याने जरा दाब दिला, तर कडेचा तुकडा खडीसाखरेसारखा तुटून हातात आला. हा व्हॉल्व्ह समुद्रात तुटला असता तर पाण्याखाली दोन फुटांवरच्या त्या भोकातून मिनिटाला साधारण 140 लिटर पाणी आत आलं असतं. आणि तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या बिल्ज पंपाला पाणी वाढलं की आपोआप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचची वायर तुटलेली होती! अकरा वर्षं बोट चालली हे खरंच आहे, पण पितळ जातं ते असंच. बाहेरून आकार तसाच्या तसा राहतो.

शिवाय तुम्हाला वर छप्पर आणि बाकडी बांधून पर्यटक न्यायचे होते. मासेमारीच्या बोटीत बर्फ आणि मासळीचं वजन खाली खणात असतं. माणसं वर बसतात आणि डॉल्फिन दिसला की सगळी एकाच बाजूला धावतात. केरळात तानूरला 7 मे 2023 रोजी उलटलेली पर्यटक बोट मुळात मासेमारीचीच होती. तिच्यात माणसंही जास्त भरली होती. 22 जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. म्हणून स्थिरतेची चाचणी झाल्याशिवाय छप्पर चढवू नका, असं मी लिहिलं. तो शब्द मी मागे घेणार नाही.

व्यवहार मोडा असं मात्र रिपोर्टमध्ये कुठेच नाही. उलट तळ चांगला आहे. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत हातोडीने ठोकत गेलो, आवाज सगळीकडे टणक आला. तळाचे चारही व्हॉल्व्ह, शाफ्टचं बेअरिंग आणि पंपाची वायर, एवढंच बदलायचंय. हाच रिपोर्ट मालकापुढे ठेवून किंमत कमी करून घ्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी तशाही वर ओढलेल्या असतात. तेव्हा काम उरकून घ्या आणि मला कळवा. पुन्हा तपासायला येईन, त्याचे पैसे घेणार नाही.

व्हॉल्व्हचा तो तुकडा माझ्या ऑफिसात आहे. एकदा येऊन हातात घेऊन बघा.