'महार्लिका' म्हणजे महाराजा नव्हे

गेले काही आठवडे एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या काकांकडून आला, तेव्हा म्हटलं आता लिहावंच. मजकुराचं म्हणणं असं: स्पॅनिश लोक येण्यापूर्वी फिलिपिन्स हे हिंदू राष्ट्र होतं. मनिलाच्या आसपासचे तागालोग लोक 'भट्टार' देवाची देवळं बांधून पूजा करत. त्यांच्यात वर्णव्यवस्था होती आणि 'महार्लिका' हे राजघराणं सर्वांत वर होतं. कायदा मनुस्मृतीचा होता, म्हणून तर तिथल्या संसदेत आजही मनूचा पुतळा आहे. 'राजा' ही पदवी आणि भाषेतले संस्कृत शब्द हाच याचा पुरावा. पुढे पाद्र्यांनी देवळं पाडली आणि ग्रंथ जाळून टाकले.

गंमत म्हणजे या तागालोग लोकांच्या चालीरीती ज्याच्यामुळे आपल्याला बारकाईने कळतात, तो एक पाद्रीच होता. हुआन दे प्लासेन्सिया, फ्रान्सिस्कन पंथाचा. मनिला स्पॅनिशांच्या हाती गेलं 1571 मध्ये. त्यानंतर 18 वर्षांनी, 1589 मध्ये, लगुना भागातल्या नागकार्लान गावी बसून त्याने अहवाल लिहिला. वरून विचारणा आली होती, म्हणून ठिकठिकाणची जाणती म्हातारी माणसं गोळा करून त्याने माहिती घेतली. त्यामुळे अहवालात कर्ज, जमीन, वारसा, काडीमोड असले रोकडे विषय भरपूर आहेत. आता एकेक दावा घेऊ.

'हिंदू राष्ट्र होतं.' राष्ट्र सोडा, सगळ्यांचं मिळून एक राज्यसुद्धा नव्हतं. प्लासेन्सिया सांगतो की प्रत्येक 'दातू' म्हणजे म्होरक्याच्या हाताखाली कधी शंभर घरं, तर कधी तीसही नाहीत. या वस्तीचं नाव 'बारांगाय'. हा मुळात होडीचा शब्द: एका होडीतून जे कुटुंबकबिल्यासह आले, ती एक वस्ती. फिलिपिन्समधल्या आजच्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाचं नावही हेच आहे.

आणि 'राजा' ही पदवी होती म्हणून हिंदू म्हणायचं, तर स्पॅनिशांशी लढलेल्या मायनिलाच्या (म्हणजे जुन्या मनिलाच्या) राजाचं नाव बघा: राजा सुलेमान. ब्रुनेईशी सोयरीक असलेलं मुसलमान घराणं. पदवी संस्कृत, नाव अरबी, भाषा तागालोग!

'शब्दच पुरावा आहेत.' इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती खरंच काहीतरी आहे, ते नाकारायचं कारण नाही. तागालोगमध्ये शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा'. 'दुखा' म्हणजे गरीब. तागालोगांच्या मुख्य देवाचं नाव 'बाथाला', तेही भट्टारवरून आलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

याहून भारी पुरावा फॉरवर्डमध्ये नाहीच, तो मीच देतो. 1989 मध्ये लगुनात एक ताम्रपट सापडला. त्याची सुरुवात कुठल्याही मराठी माणसाला कळेल अशी आहे: स्वस्ति, शकवर्षातीत 822, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे इसवी सन 900. पण पुढे वाचलं तर ना देव, ना धर्म. नाम्वरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज, एक काती आणि आठ सुवर्ण (ही तेव्हाची वजनं), फिटलं असं लिहून दिलंय. आपल्या भाषेत, कर्जफेडीची पावती. ती जुन्या मलय भाषेत आहे, म्हणजे त्या समुद्रावरच्या व्यापाराच्या भाषेत. संस्कृत शब्द तिथे पोचले ते बरेचसे याच वाटेने, जावा-मलय मुलखातून, हातोहात.

आपण महिन्याला 'पगार' घेतो, 'चावी'ने दार उघडतो, 'बटाटा' खातो. हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. म्हणून कुणी आपल्याला लिस्बनचे म्हणत नाही.

'भट्टाराची देवळं होती.' प्लासेन्सियाने स्वच्छ लिहिलंय की देवळं नव्हती. 'सिंबाहान' हा शब्द होता, पण उत्सव व्हायचा दातूच्या मोठ्या घरात, आजूबाजूला तात्पुरता मांडव घालून. (आज तागालोगमध्ये चर्चला सिंबाहानच म्हणतात.) बाथाला सर्वांचा कर्ता खरा, पण पूजा सूर्याची, नव्या चंद्राची, ताऱ्यांची, शेतीच्या 'लाकापाती' देवतेची. मगरीचाही मान राखत. पूजा सांगणारी 'कातालोनान' स्त्री असे किंवा पुरुष. नसलेली देवळं पाडणार कशी? मूर्ती मात्र मिशनऱ्यांनी जाळल्या, आणि तसं स्वतःच लिहूनही ठेवलं.

'वर्णव्यवस्था होती, महार्लिका राजघराणं.' हा गोंधळ मला सर्वांत रोचक वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी भाषांतरात या समाजाच्या थरांना 'कास्ट' म्हटलंय. बहुधा तिथूनच कुणीतरी वर्ण काढले. प्रत्यक्षात महार्लिका म्हणजे स्वतंत्र माणूस, दातूच्या खालचा. तो दातूला कर देत नसे, पण लढाईला स्वखर्चाने जाई. निघण्याआधी दातूने जेवण घालायचं, परतल्यावर लूट वाटून घ्यायची. शब्दाचं मूळ संस्कृत 'महर्द्धिक', त्याच मुळातून मलय भाषेत 'मर्देका' म्हणजे स्वतंत्र. 2019 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी देशाचं नाव 'महार्लिका' करावं असं बोलून दाखवलं होतं, तेव्हा हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही.

त्याखाली 'आलिपिन', म्हणजे दास, आणि त्यांचे दोन प्रकार. 'नामामाहाय' स्वतःच्या घरात राहणारा, स्वतःच्या सोन्यानाण्याचा मालक, पण धन्याला पिकातला वाटा देणारा. 'सागिगिलिद' धन्याच्या घरात राबणारा, त्याला विकता येई. आता हे बघा: महार्लिका आणि दास यांचं लग्न झालं, तर मुलं वाटली जात. पहिलं, तिसरं, पाचवं बापाचं. दुसरं, चौथं, सहावं आईचं. बाप स्वतंत्र असेल तर त्याच्या वाट्याची मुलं स्वतंत्र, आईच्या वाट्याची दास. एकच मूल झालं तर ते अर्धं स्वतंत्र, अर्धं दास! मनुस्मृतीत संकरावर पानंच्या पानं आहेत, पण एकाच पोराचे असे दोन भाग करणारा हिशेब नाही. हा हिशेब कर्जाचा आणि श्रमाचा आहे, शुद्धाशुद्धतेचा नाही. आणि म्हणून तो गोड होता असंही नाही. माणसं विकली जात होती.

लग्नात हुंडा नव्हता, देज होतं. नवऱ्याकडून मुलीच्या आईबापांना. काडीमोडही होई. मूल नसताना बायको दुसऱ्याशी लग्न करायला निघून गेली, तर देज आणि तेवढीच भर नवऱ्याला. नवऱ्याने टाकलं, तर त्याला निम्मंच परत. मुलं असतील तर सगळं मुलांना.

'संसदेत मनूचा पुतळा आहे.' मनूचं शिल्प मनिलाच्या जुन्या विधिमंडळ इमारतीत आहे, पण इमारत 1926 ची, अमेरिकन अमलातली, आणि आता तिथे राष्ट्रीय कलासंग्रहालय भरतं. सभागृहात वरच्या बाजूला जगभरच्या कायदेकर्त्यांची रांग आहे, त्यात पोप तेरावे लिओ आणि अमेरिकेचे वुड्रो विल्सनही आहेत. त्याच रांगेत 'कलांतियाव' नावाचा राजा आहे, 1433 च्या कायद्याचा कर्ता म्हणून. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं की तो कायदा बनावट, होसे मार्को नावाच्या माणसाने 1914 मध्ये ग्रंथालयाला दिलेल्या कागदांतून आलेला. रांगेत बसलाय म्हणून तिथे राज्य केलं, असं धरायचं तर आधी कलांतियावचं काय ते बोला.

इतकं सगळं म्हणून झाल्यावर प्लासेन्सियालाही डोळे मिटून मान डोलावू नका. पुजाऱ्यांना तो सरसकट सैतानाचे सेवक म्हणतो. पांढरे कपडे घातलेला दिसला की त्याचं काळीज काढून खाणाऱ्यांचं वर्णन करतो आणि बजावतो की ही दंतकथा समजू नका, एका स्पॅनिश नोटरीची आतडी अशीच ओढून काढली होती. देजाच्या आकड्यांवर मी त्याचा विश्वास धरतो, नोटरीच्या आतड्यांवर नाही.

'सगळे ग्रंथ जाळले.' तागालोगांची लिपी 'बायबायिन', 17 अक्षरांची, ब्राह्मीच्या कुळातली. लिहीत बांबूवर आणि पानांवर, अणकुचीदार लोखंडाने. त्या दमट हवेत असली सामग्री कुणी न जाळताही संपते. जेझुइट पंथाचा पाद्री पेद्रो चिरिनो याने 1604 मध्ये लिहिलं की ही अक्षरं वाचता-लिहिता न येणारा पुरुष विरळा, आणि बाई त्याहून विरळा. त्याआधीच, 1593 मध्ये, पाद्र्यांनी मनिलात छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीत स्पॅनिशसोबत हीच लिपी वापरली होती. पुढे ती मागे पडली, लॅटिन अक्षरं आली. पण 1613 आणि 1625 मधली जमिनीची दोन खरेदीखतं बायबायिनमध्ये आजही शाबूत आहेत, 2014 मध्ये त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा जाहीर केलं. ती जपली आहेत मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाच्या दप्तरखान्यात. ते विद्यापीठ 1611 मध्ये काढलं डॉमिनिकन पाद्र्यांनीच.