व्यंकटेशा, निघण्यापूर्वी हे वाच

आयर्लंडला निघालास? छान. शेंगा चटणी आणि कडक भाकरी भरून झाली असेल, तर आता ओळख भर. फोनमध्ये आधार आहे, डिजिलॉकरमध्ये मार्कशीट आहे, म्हणजे जग खिशात आलं असं खुशाल समज. तसं समजल्याशिवाय डब्लिनच्या खिडकीवर तोंड पडायची मजा येत नाही.

आधी नाव. हे काम सोलापूरने जन्मतःच करून ठेवलंय. पूर्व भागातल्या तेलुगू घरात तू वेंकटेश, शाळेच्या हजेरीत मास्तरांनी केलेला व्यंकटेश. आधारवर आडनाव पुढे, दहावीच्या सर्टिफिकेटवर मागे, मधे वडील. यातलं काहीही दुरुस्त करू नकोस. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत 44 घरं असतात, त्यातली नावाला 39. कप्पे दोनच: आडनाव आणि उरलेलं सगळं. वडिलांना कुठं बसवायचं, ते वडिलांनाच विचार. फारच अडलं तर ‘हे दोघंही मीच बे’ असं प्रतिज्ञापत्र कर. कोर्टाबाहेर नोटरी बसलेलेच असतात.

मग सही. डिजिलॉकरच्या मार्कशीटवरची डिजिटल सही खरी की खोटी, हे गणित सांगतं. ते डब्लिनच्या कॉम्प्युटरलाही येतं. पण खरी आहे म्हणून मानलीच पाहिजे, असं थोडंच आहे? शेजाऱ्याच्या पोराचं ‘मी अमक्याचा’ हे खरंच असतं, तरी उधारी देताना आपण बापाला फोन लावतोच की. मानायला करार लागतो. युरोपीय संघाने आपसातल्या देशांसाठी 2014 मध्ये तसा कायदा केला आणि एकमेकांची डिजिटल ओळख मानणं सक्तीचं झालं 29 सप्टेंबर 2018 ला. आपलं पहिलं आधार नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, तेही 29 सप्टेंबरला, 2010 मध्ये. तारीख जुळली, तेवढ्यावर समाधान मान.

आधार दाखवून सीमा ओलांडायचीच हौस असेल तर नेपाळ आहे. तिथं पंधराच्या आतले आणि पासष्टीच्या पुढचे भारतीय आधारवर जाऊ शकतात. तू मधला. थांब थोडा.

तोवर कागद काढ. मूळ सर्टिफिकेटवर आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून चिकटवलेला दाखला. 1961 च्या हेग करारातली ही सोय; आपल्याकडे 2005 पासून चालते. एवढं सगळं डिजिटल करून शेवटी गाडी चिकटवलेल्या कागदावर येते, यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि आधारला जोडलेलं सिम मात्र इथंच ठेव. परदेशी नंबरावर ओटीपी येत नाही. आईच्या फोनमध्ये घाल, म्हणजे तुझी राष्ट्रीय ओळख सुरक्षित हाती राहील. डब्लिनला दुपारचे चार वाजतील, तू फोन करशील, सोलापुरात रात्र झालेली असेल. आई म्हणेल, ‘थांब रे, चष्मा कुठं ठेवला… हं, सांगते. सहा की आठ आहे हा?’