नाडा बांधणारा भित्रा?

गुहा-बुडीवरच्या एका लेखात म्हटलंय की पाण्यानं भरलेल्या खोल गुहांत बुडी मारणाऱ्या टोळ्यांत चुरस असते म्हणूनच हे कसब पुढं जातं. अर्धंच पटलं.

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावी विहिरीच्या तळाचा चिखल मुठीत आणायची पैज वरच्या आणि खालच्या गल्लीत लागायची. कमरेला नाडा, म्हणजे जाड दोर, बांधला की पोरगा भित्रा. एकदा मी कपारीत शिरलो, गाळ उठला आणि डोळ्यांपुढं नुसता चहा! वर कुठं, खाली कुठं, कळेना. पंपाचा जुना पाइप हाताला लागला म्हणून बाहेर आलो. मूठ रिकामी. खालच्या गल्लीनं महिनाभर चिडवलं.

गुहेत तोंडापासून आतपर्यंत दोरी सोडत जातात ती याचसाठी. टाकीतल्या हवेचे तीन भाग : एक जायला, एक यायला, एक अडीनडीला. त्यात ९० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा दहापट हवा लागते, म्हणजे हिशेब आणखी कडक. अमेरिकेचे गुहा-बुडीपटू शेक एक्सली यांनी बुडालेल्यांचे अपघात तपासून १९७९ साली हे नियम पुस्तकात मांडले. तेच १९९४ मध्ये मेक्सिकोच्या झाकातोन कुंडात खोलीच्या विक्रमासाठी उतरले आणि परतले नाहीत. एवढा जाणता माणूस!

गुहेत बुडी मारणाऱ्यांचा एक नियम मात्र लेखात यायला हवा होता. कुणीही, अगदी नवख्यानंही, अंगठा वर केला की बुडी तिथंच संपली. का म्हणून विचारायचं नाही. आमच्या विहिरीवर कुणी असा अंगठा दाखवला असता तर दिवाळीपर्यंत त्याचं नावच 'अंगठ्या' पडलं असतं.