डायनासोरचं शेपूट फरफटत नव्हतं

"डायनासोर शेपूट जमिनीवरून ओढत चालायचे. हवेत धरलेलं शेपूट ही हॉलिवूडने 1993 नंतर काढलेली फॅशन," अशी एक पोस्ट सध्या ग्रुपांवर फिरते आहे. सोबत एक जुना फोटो आहे: काचेआड शेपटावर रेलून, कांगारूसारखा उभा असलेला सांगाडा. माझ्या पुतण्याने मोठ्या उत्साहाने ती मला पाठवली. डायनासोरवर जीव टाकणारी मुलं हे खरं मानून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

हॉलिवूडचं आधी. अमेरिकेतल्या मोंटानात 1964 साली डायनॉनिकस नावाचा डायनासोर सापडला आणि जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी 1969 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच्या शेपटाच्या मणक्यांमधून लांब, काडीसारखी हाडं निघून पुढच्या कित्येक मणक्यांवर पसरलेली होती. शेपूट मुळापाशी वळायचं, पुढे ताठ. असं शेपूट तोल सांभाळण्यासाठी असतं, हे ऑस्ट्रॉम यांनी तेव्हाच मांडलं, पोस्टमधल्या 1993 च्या 24 वर्षं आधी. लंडनच्या संग्रहालयातल्या डिप्लोडोकस या डायनासोरच्या सांगाड्याच्या प्रतिकृतीचं शेपूट 1993 मध्येच वर उचललं गेलं हे खरं, पण तोवर हे संशोधन जुनं झालं होतं.

"सगळे सरपटणारे प्राणी शेपूट ओढतात, मगर बघा." बघूया. मगरीचे, घोरपडीचे पाय धडाच्या बाजूंना फाकलेले असतात. ओल्या मातीतून गेल्या की पावलांच्या दोन ओळींमध्ये शेपटाचा चर उमटतो. डायनासोरचे पाय मात्र पक्ष्यांसारखे धडाखाली उभे होते. आणि इथे अंदाज बांधायची गरजच नाही, कारण त्यांचे ठसे आहेत. जीवाश्म शोधणारे रोलंड बर्ड यांनी 1938 मध्ये टेक्सासमधल्या पलक्सी नदीच्या पात्रात सॉरोपॉडची, म्हणजे लांब मानेच्या महाकाय डायनासोरची, पावलं शोधली. एवढं अवाढव्य जनावर चिखलातून चालत गेलं आणि मागे शेपटाचा चर नाही! त्यातले काही ठसे कापून न्यू यॉर्कच्या संग्रहालयात ज्या सांगाड्यामागे मांडले, त्याचं शेपूट तेव्हा जमिनीवर टेकलेलंच होतं. पुरावा आणि चूक एकाच दालनात कित्येक वर्षं शेजारी राहिली, याची मला अजूनही हळहळ वाटते. जगभर डायनासोरची असंख्य पावलं सापडली आहेत. शेपटाच्या खुणा त्यांत मोजक्याच, कुठे प्राणी खाली बसला असेल तिथे, कुठे पाय खोल रुतले असतील तिथे.

"इतकं जड शेपूट उचलून धरणं अशक्य." ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे लगेच कळेल. गाडी धुरजड, म्हणजे पुढे जड, नको आणि उलाळ, म्हणजे मागे जड, हीही नको. दोन पायांच्या डायनासोरचा आस म्हणजे त्याची कंबर. पुढे डोकं आणि छाती, मागे शेपूट. टी-रेक्सचं शेपूट काढून घ्या, तो तोंडावर पडेल. शिवाय शेपटातून निघालेला एक जाडजूड स्नायू मांडीच्या हाडाला जोडलेला होता. तो आखडला की पाय मागे खेचला जायचा आणि जनावर पुढे सरकायचं. मगरीत तो आजही आहे. डायनासोरच्या मांडीच्या हाडावर तो जिथे चिकटायचा तो उंचवटा हाताला लागतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सगळीच शेपटं काठीसारखी ताठ नव्हती. जबलपूरजवळ 1828 मध्ये सापडलेल्या ज्या हाडांवरून 1877 साली एका डायनासोरला टायटॅनोसॉरस हे नाव दिलं गेलं, ती शेपटाचेच मणके होती. त्यांची मागची बाजू गोळ्यासारखी फुगीर, पुढची वाटीसारखी खोलगट. एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत बसतो, त्यामुळे असं शेपूट वळू शकतं. पण वळणं वेगळं आणि फरफटणं वेगळं.

राहिला शेवटचा मुद्दा, "शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, त्यांचं काय ऐकायचं?" पोस्टमधला फोटो ज्या सांगाड्याचा आहे, त्याचीच हकिकत ऐका. बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळसा खाणीत, 322 मीटर खोलीवर, 1878 मध्ये इग्वानोडॉन या डायनासोरचे सांगाडे सापडले. लुई डोलो या शास्त्रज्ञांनी ते कांगारूच्या धर्तीवर उभे केले. पण इग्वानोडॉनच्या पाठीच्या आणि शेपटाच्या मणक्यांवर हाड बनलेल्या कंडरांची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची, जाळी असते आणि ती शेपूट सरळ, ताठ ठेवते. जीवाश्मशास्त्रज्ञ डेव्हिड नॉर्मन यांनी 1980 मध्ये हीच हाडं नव्याने तपासून दाखवलं, की त्या पवित्र्यात शेपूट बसवायचं तर ते मोडावंच लागतं. म्हणजे मत बदललं ते त्याच हाडांनी बदलायला लावलं. हाडं फार ठिसूळ आहेत, म्हणून ब्रसेल्सच्या संग्रहालयात ते सांगाडे अजून डोलोंच्याच पवित्र्यात उभे आहेत. पोस्टमधला फोटो मोठा करून बघा. कंबरेमागे शेपूट जिथून खाली वाकवलंय ना, तिथेच.