बूट कोड काढून टाकू नका

भोसरीत नोकरीला लागलेल्या भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, मी लॉगिंगचा कोड काढला. बरोबर ना?" अजिबात नाही. फॉरवर्ड सांगतो की कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये) बूटचे डायग्नॉस्टिक कोड, म्हणजे बोर्ड कशामुळे रीसेट झाला याच्या नोंदी, साठवू नका: फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) मरते, बूट रेंगाळतो, माहिती चोरांच्या हाती लागते, आणि वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर) असताना कोड हवेत कशाला?

या शेवटच्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. वॉचडॉग बोर्ड रीसेट करतो, पण बोर्ड का अडकला हे सांगत नाही. रात्रपाळीत बोर्ड चाळीसदा रीसेट झाला तरी सकाळी हिरवा दिवा लागलेलाच असतो. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) ओढताना सप्लाय बसला तर दोष वायरिंगचा. सेन्सरच्या उत्तराची वाट बघत लूप अडकला तर दोष आपल्या कोडचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एसटीएम३२एफ१०३ या कंट्रोलर चिपमध्ये आरसीसी_सीएसआर रजिस्टर (चिपमधला नोंदीचा कप्पा) हे कारण आयतं देतं. चिपचं आरएम०००८ मॅन्युअल उघडा: वॉचडॉगचा बिट वेगळा, पॉवरचा वेगळा. एक खाचखळगा आहे. आतून झालेल्या रीसेटलाही एनआरएसटी ही रीसेटची पिन खाली ओढली जाते, म्हणून पिनचा बिट तेव्हाही लागतो. तोच आधी तपासलात तर वॉचडॉगचा रीसेटही 'बटण दाबलं' म्हणून नोंदला जाईल. आणि वाचून झाल्यावर आरएमव्हीएफ बिटने सगळे पुसायचे, नाहीतर जुनं कारण पुढच्या बूटलाही दिसत राहतं.

फ्लॅशचं अर्धं खरं आहे, मान्य. या चिपच्या फ्लॅशची हमी १०,००० इरेजची (पुसण्यांची). दर बूटला तेच पेज (फ्लॅशचा एकदम पुसला जाणारा तुकडा) इरेज केलं आणि बोर्ड दर २ सेकंदांनी रीसेट होत राहिला, तर साडेपाच तासांत ही हमी संपते. पण असं लिहायला सांगितलंय कुणी? १ केबीच्या पेजवर ४ बाइटच्या नोंदी एकापुढे एक लिहा, २५६ नोंदींनंतर एकदा इरेज. म्हणजे २५ लाख ६० हजार बूट. लागोपाठ तेच कारण आलं तर फ्लॅशला हातही लावू नका, नो-इनिट रॅममधला (बूटला शून्य न होणाऱ्या रॅममधला) आकडा वाढवा. वॉचडॉग रीसेटमध्ये तो टिकतो.

बूट रेंगाळतो म्हणे! नोंद सिरीयलवर १,१५,२०० बॉडच्या वेगाने बाहेर पाठवली, तरी एक बाइट जायला ८७ मायक्रोसेकंद लागतात. चोरीचं म्हणाल तर पासवर्ड आणि सिक्युरिटी की लॉगमध्ये नकोतच, पण रीसेटच्या कारणात चोरण्यासारखं काय आहे?

भाच्याने रात्रीच कोड परत टाकला. सकाळी नोंद वाचली तर वॉचडॉग, सतरा वेळा. आता तो अडकणारा लूप शोधतोय.