पार्ट टू काढायचाच असेल तर

आधी मनातली लाज काढून टाका. गाजलेल्या सिनेमाला पुन्हा हात घालणं यात पाप कसलं, ती तर आपली सगळ्यात जुनी रीत. फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चारच वर्षांनी त्याच हरिश्चंद्राला पुन्हा एकदा राज्य सोडायला लावलं. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ १९२५ साली मुका काढला, १९३६ साली बोलका. मधल्या अकरा वर्षांत शेतकऱ्याला वाचा फुटली होती, पाश काही सुटला नव्हता. पेंटरांना तेवढं कारण पुरलं. तुमच्याकडे तर त्याहून सबळ कारण आहे. नाव आधीच गाजलेलं आहे, पोस्टरवर नुसता आकडा वाढवायचा.

माझं ऐकाल तर ‘अशी ही बनवाबनवी’ला हात घाला. आमच्याकडे रविवारी दुपारी तो टीव्हीवर लागला की काका ताट घेऊन समोर बसतात आणि प्रत्येक वाक्य अशोक सराफांच्या अर्धा सेकंद आधी म्हणतात. आमटीचा भुरका कुठे मारायचा हेसुद्धा ठरलेलं आहे. सत्तर रुपयांचा प्रसंग जवळ आला की वाटी खाली ठेवतात, एकदा नाकातून आली होती म्हणून. १९८८ सालचा माल, आणि गिऱ्हाईक अजून असं तोंडपाठ! असा धंदा दुसरा कुठला सांगा.

कोणी आगाऊपणे म्हणेल की हा सिनेमाच मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून उचललेला आहे. म्हणू द्या. तो हिंदी सिनेमा तुमच्या ओळखीत किती जणांनी पाहिलाय? आणि वसंत सबनीसांचे संवाद किती जणांना पाठ आहेत? यावरून एखादा असाही निष्कर्ष काढेल की उसनी गोष्टसुद्धा लिहिणाऱ्याने आपल्या मातीत नीट रुजवली तर आपलीच होऊन जाते. हा निष्कर्ष महागात पडतो, तुम्ही तो काढू नका. लेखकाला ‘चार-पाच पंच मारून द्या’ एवढंच सांगा आणि तीन दिवस द्या. चौथ्या दिवशी तो मानधनाचा विषय काढतो.

आता गोष्ट आजच्या काळात आणायची. इथे जरा अडचण आहे. चौघांना पुण्यात जागा नाही, सरपोतदार घराबाहेर काढतात, लीलाबाई काळभोर जोडप्यांशिवाय कुणाला खोल्या देत नाहीत, म्हणून दोघांनी साड्या नेसायच्या. हे सगळं आज आहे तसंच आहे, वर अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन आणि गेटवरच्या ॲपमध्ये फोटो. लीलाबाईंनी साडी नेसून ‘पार्वती’ झालेल्याचं आधार कार्ड मागितलं की सिनेमा पाचव्या मिनिटाला संपला. एखादा जुना लेखक म्हणेल, ‘अहो, हाच तर सिनेमा! पार्वतीचं आधार कार्ड काढायला निघालेले धनंजय माने, दोन तास खुर्चीत बसवत नाही कुणाला.’ त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. चौघांना सरळ लंडनला पाठवा. तिथे शूटिंग केलं की सवलत मिळते, आणि टेम्सच्या काठावर लिंबू कलरची साडी उठून दिसते. सत्तर रुपयांचे सत्तर लाख करा. सत्तर रुपये ‘वारले’, या एका क्रियापदावर महाराष्ट्र तीन पिढ्या हसतोय हे खरं, पण क्रियापदाला प्रायोजक मिळत नाही. ‘पेमेंट फेल’ला मिळेल.

राहता राहिले नट. हयात असतील त्यांना शेवटी पाच मिनिटं गाडीतून उतरवा, स्लो मोशनमध्ये. थिएटरात शिट्ट्या त्यांच्यासाठी पडतील, तुम्ही त्या कथेला पडल्या असं समजा. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले. म्हणून अडायचं काही कारण नाही. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू मरता मरता मृत्युंजय मंत्र पुटपुटतो आणि बाहुल्यात शिरतो. १९९३ पासून आपण तो भुताचा सिनेमा समजून बघत होतो, निर्मात्यांसाठी ती शिकवणी होती. आता तोच मंत्र कॉम्प्युटरवर मिळतो. एआयला जुन्या क्लिपा खाऊ घातल्या की मेलेला माणूस उठून हसवायला लागतो. डोळे तेवढे काचेचे दिसतात. रामदास पाध्यांच्या बाहुल्याचे नव्हते वाटत.

(अत्र्यांची १९५३ सालची ‘श्यामची आई’ २०२३ साली पुन्हा निघाली, तीही कृष्णधवल. हाताशी रंग असून वापरायचे नाहीत, हा उधळेपणा आपल्याला झेपणारा नाही.)

एक पथ्य मात्र पाळा. ज्या सिनेमांना दुसऱ्या भागाची खरोखर गरज आहे, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ‘सिंहासन’ तर नकोच. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस १९७९ साली शेवटी वेड्यासारखा हसत सुटला होता. आताच्या बातम्या दाखवल्या तर त्याचं हसू कुठे कापायचं हे एडिटरला कळणार नाही. आणि जब्बार पटेलांचाच ‘सामना’ त्याहून वाईट. तेंडुलकरांनी त्यात एक दारुडा मास्तर गावात आणून सोडलाय, आणि हिंदुराव धोंडे पाटलाच्या राज्यात तो एकच प्रश्न विचारत फिरतो: मारुती कांबळेचं काय झालं? हा सिनेमा १९७५ साली थेट बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला. प्रश्न मात्र गावातच राहिला.

माझ्या एका स्नेह्याने हे पथ्य मोडलं. ‘सामना’चा नवा अवतार लिहून तो पैसे लावणाऱ्या साहेबांकडे गेला, मलाही सोबत नेलं. पांढरे कपडे, बोटांत चार अंगठ्या, समोर काजूची ताटली. साहेब मन लावून ऐकत होते. पाटलाचा भाग आला की मान डोलवायचे. ‘एन्ट्रीला जेसीबीतून फुलं टाका,’ म्हणाले. ‘साखर कारखाना जुना झाला, रिसॉर्ट करा. मास्तरला दारू नको, चहा द्या, सेन्सॉरचा त्रास नको. आणि शेवटी पाटील वर गेला पाहिजे, पब्लिकला पाटील आवडतो.’ स्नेही सगळं लिहून घेत होता.

मग साहेबांनी दोन पानं मागे उलटली, एका नावावर बोट ठेवलं.

‘हा मारुती कांबळे कोण?’

‘कोणी नाही साहेब,’ स्नेही म्हणाला, ‘त्याला काढलाच आहे.’

साहेबांनी काजूची ताटली आमच्याकडे सरकवली.